मीटर कोणी वाचायचा?



इतिहासावरच्या व्याख्यानासाठी मी विजेच्या मीटरचा विषय दिला, तेव्हा आपल्या कार्यवाहांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. बडोद्यात इतिहास म्हटला की सयाजीराव महाराज, राजवाडा, ग्रंथालये यांच्याकडे नजर जाते. जिन्याखाली कोळिष्टकात बसलेल्या काळ्या डब्याकडे कोण पाहतो? पण २०२४ च्या मे महिन्यात याच शहरात त्या डब्यावरून माणसे रस्त्यावर आली. वीज कचेऱ्यांवर मोर्चे गेले. माझ्या दांडिया बाजारातल्या दवाखान्यात आठवडाभर सर्दी-पित्तापेक्षा रिचार्जची चर्चा जास्त झाली. औषधाच्या पुड्या बांधता बांधता मी ऐकत होतो, आणि मला एक गोष्ट खटकत होती. लोक महागाईची तक्रार करत होते खरे, पण चार वाक्यांनंतर सगळे एकाच ठिकाणी येत : "डॉक्टर, काय चाललंय ते दिसतच नाही हो."

मी इंजिनिअर नाही आणि इतिहासकार तर नाहीच. पण 'दिसत नाही' ही तक्रार मला लहानपणापासून ओळखीची आहे. माझे वडील धान्याचे दुकान चालवीत. दुकानातली वजने दरवर्षी तपासली जात आणि त्यांच्यावर सरकारी ठसा पडे; तो ठसा नसलेले वजन वापरणे गुन्हा. पण वडिलांचा खरा नियम कायद्याहून जुना होता. तागडी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरायची, छातीशी नाही. आम्हा जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, अचौर्याच्या व्रताला लागणारे दोष सांगितले आहेत. त्यांत 'हीनाधिकमानोन्मान' असा एक आहे. घेताना जास्त आणि देताना कमी मापणे. चोरीच्या मालाची खरेदी आणि खोटे माप हे शास्त्रकारांनी शेजारी शेजारी बसवले आहे. व्यापारी समाजाला कुठे घसरायला होते, हे त्यांना चांगलेच ठाऊक असावे.

वीज मात्र तागडीत घालता येत नाही. ती दिसत नाही, साठत नाही, परत करता येत नाही. मग ती विकायची कशी? १८८२ साली एडिसनसमोर हाच प्रश्न होता.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधल्या पर्ल स्ट्रीटवरच्या केंद्रातून एडिसनने गिऱ्हाइकांच्या घरी वीज द्यायला सुरुवात केली. त्यापूर्वीची सोपी पद्धत म्हणजे दिवे मोजून पैसे घेणे. पण दिवा किती वेळ जळला, हे कसे कळणार? एडिसनने काढलेली तोड आमच्या धंद्याला जवळची वाटते. गिऱ्हाइकाच्या तळघरात एक पेटी, पेटीत काचेची बरणी, बरणीत झिंक सल्फेटचे पाणी आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. घरात जाणाऱ्या विजेचा एक अगदी लहान, ठरावीक अंश या बरणीतून वळवलेला. वीज वाहील तसे एका पट्टीवरचे जस्त सुटून दुसरीवर जाऊन बसे. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस येई, पट्ट्या काढून नेई, त्या धुऊन, सुकवून नाजूक काट्यावर तोलल्या जात आणि वजनातल्या मिलिग्रॅमच्या फरकावरून बिल तयार होई. थेंबावरून घागरीचा हिशेब! होमिओपॅथीवर हसणाऱ्या माझ्या ॲलोपॅथीतल्या मित्रांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. थंडीत ते पाणी गोठू नये म्हणून पेटीत एक दिवा ठेवलेला असे. पारा उतरला की तो आपोआप पेटे. म्हणजे वीज मोजण्यासाठीही थोडी वीज जाळावी लागे.

हे मोजमाप बरेचसे अचूक होते. पण घरमालकाला त्यातले काहीही वाचता येत नव्हते. बरणीकडे कितीही वेळ पाहिले तरी आज किती जळाले ते कळायचे नाही. तागडी दुकानदाराच्या मागच्या खोलीत, आणि गिऱ्हाईक बाहेर उभे.

पुढच्या सात-आठ वर्षांत हे बदलले. अमेरिकेत ऑलिव्हर शॅलेनबर्गरने १८८८ साली, आणि हंगेरीत गान्झ कारखान्यातल्या ओटो ब्लाथीने १८८९ साली, फिरत्या भागाचे मीटर केले. शॅलेनबर्गरची हकिकत गमतीची आहे. प्रयोगाच्या एका दिव्यात सुटी स्प्रिंग पडली आणि चुंबकाच्या परिणामाने ती आपली आपण फिरू लागली. त्यातून त्याला कल्पना सुचली. ब्लाथीच्या मीटरमध्ये पातळ धातूची चकती असे. घरात वीज जास्त गेली की ती वेगाने फिरे, कमी गेली की हळू, आणि एक कायमचे चुंबक तिला लगाम घाली. चकतीचे फेरे दातेरी चाकांनी मोजले जात आणि आकडे काचेमागे पुढे सरकत. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने हीच चकती पाहिलेली आहे, कडेवर काळी खूण असलेली. सव्वाशे वर्षांच्या आसपास या कल्पनेवर जगभरच्या घरांचा हिशेब चालला.

त्या चकतीचे खरे मोल तिच्या अचूकतेत नव्हते. ती कुणालाही वाचता येत होती. आमच्या घरी आई दिवाळीच्या सफाईनंतर सगळी बटणे बंद करायला लावी आणि मला स्टुलावर चढवून विचारी, "थांबली का रे?" चकती थांबली तर वायरिंग ठीक, सरकत राहिली तर कुठेतरी गळती आहे किंवा शेजाऱ्याने तार टाकली आहे. एका युनिटला किती फेरे, हे मीटरच्या पाटीवर छापलेले असे. मीटरशेजारी खिळ्याला पुठ्ठ्याचे कार्ड लटके. रीडिंग घेणारा येऊन त्यावर आकडा आणि सही करी. बिल आले की वडील कार्ड काढून वजाबाकी करून पाहत. तुम्ही म्हणाल, त्या काळी सगळेच करत. बरोबर, सगळेच करत. आणि मला तेच सांगायचे आहे.

कायद्यानेही हीच भूमिका घेतली होती. १९१० च्या भारतीय वीज कायद्याचे २६ वे कलम मीटरबद्दलचे आहे. मीटर भाड्याने घेतलेला असेल तर तो बरोबर ठेवण्याची जबाबदारी पुरवठादाराची, गिऱ्हाइकाच्या मालकीचा असेल तर त्याची. मीटर बरोबर आहे की नाही यावर वाद झाला तर निवाडा दोघांपैकी कोणाचाच नाही. तो सरकारी इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरने करायचा. मीटर बिघडलेला ठरला तरी मागे सहा महिन्यांपलीकडचा हिशेब उकरायचा नाही. इंग्रज सरकारचे बरेच कायदे आपण योग्य कारणांनी शिव्या देऊन वाचतो, पण हे कलम करणाऱ्याला दुकानदारी कळत होती. १९६० साली मुंबई राज्याची दोन राज्ये झाली तशी दोन वीज मंडळे झाली, आणि गुजरातच्या मंडळाचे मुख्य कार्यालय आपल्याच शहरात आले. पुरवठादार एकच, दर सरकारमान्य, मीटर काचेमागे. आवडो न आवडो, दुसरे दुकान नव्हते.

दुसरे दुकान असावे, हा विचार घरगुती गिऱ्हाइकाच्या बाबतीत पूर्णत्वाला नेला ब्रिटनने. तिथे १९४८ साली वीज सरकारी झाली होती. १९८९ च्या कायद्याने ती पुन्हा खासगी झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये बारा प्रादेशिक कंपन्या निघाल्या. आधी १९९० मध्ये मोठ्या कारखान्यांना आणि १९९४ मध्ये मध्यम गिऱ्हाइकांना पुरवठादार बदलण्याची मुभा मिळाली. सप्टेंबर १९९८ ते मे १९९९ या काळात टप्प्याटप्प्याने प्रत्येक घराला ती मिळाली.

पण तार तर एकच! मग दुसऱ्या कंपनीची वीज आपल्या घरी येते कशी? उत्तर आपल्या बाजूच्या खेडा जिल्ह्यात सापडते. दूध मंडळीत सकाळी पन्नास घरांचे दूध एकाच टाकीत ओतले जाते. तुमच्या म्हशीचे दूध कोणाच्या चहात गेले हे देवालाही ठाऊक नसते. पण किती घातले आणि कसे होते याची नोंद मापाच्या जागी झालेली असते, आणि पैसे त्या नोंदीवर मिळतात. विजेचे तसेच. सगळे उत्पादक एकाच जाळ्यात वीज ओततात आणि सगळी घरे त्यातून घेतात. पुरवठादार म्हणजे तुमच्या नावाने किती घातले नि तुम्ही किती घेतले याचा हिशेब मांडणारा. तारेची देखभाल करणारी कंपनी वेगळी, आणि ती बदलत नाही.

अडचण एवढीच, की ब्रिटनमध्ये हा हिशेब दर अर्ध्या तासाचा होता आणि घरोघरचे मीटर तेच जुने, चकतीचे. संध्याकाळी सहाला किती जळाले आणि पहाटे तीनला किती, हे चकती सांगत नाही. ती फक्त बेरीज सांगते. प्रत्येक घरात नवा मीटर बसवण्याऐवजी त्यांनी अंदाजाचा आधार घेतला. गिऱ्हाइकांचे आठ वर्ग केले, घरांसाठी त्यांतले दोन, आणि वर्षाची बेरीज त्या वर्गाच्या नमुन्याप्रमाणे अर्ध्या अर्ध्या तासांत वाटून टाकली. एका घरापुरते पाहिले तर हे चूकच. लाखो घरांची बेरीज घेतली की बऱ्यापैकी बरोबर. घोटाळेही झाले. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांनी गोड बोलून, क्वचित खोट्या सह्या करून, कंपन्या बदलून दिल्या. पत्त्यांच्या गोंधळात वरच्या मजल्यावरच्याने पुरवठादार बदलला आणि खालच्याचा बदलला गेला, असेही होई. तरी मला महत्त्वाचे वाटते ते हे, की निवड ही गोष्ट साध्या मीटरवर चालली. ज्या दिवशी कंपनी बदलायची त्या दिवशीचा आकडा घरमालक स्वतः वाचून कळवू शके, आणि जुनी व नवी, दोन्ही कंपन्यांना तोच आकडा धरून चालावे लागे.

भारतात २००३ च्या वीज कायद्याने एकाच क्षेत्रात एकाहून अधिक वितरण परवाने देण्याची वाट मोकळी केली. कागदावर साऱ्या देशासाठी. प्रत्यक्षात सामान्य घरांनी मोठ्या संख्येने पुरवठादार बदलला तो मुंबईच्या उपनगरांत. मराठी माणसाच्या महानगरातली ही घटना, पण तिच्यावर मराठीत फारसे लिहिलेले मला आढळले नाही.

मुंबईचा नकाशा मुळातच विचित्र होता. दक्षिणेला, माहीम-शीवपर्यंत, बेस्ट. ही मूळची १९०५ सालची खासगी कंपनी. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, ती महापालिकेकडे आली. उपनगरांत १९२९ पासून बी.एस.ई.एस., म्हणजे बॉम्बे सबर्बन. आणि या दोघांना वीज देणारे टाटा, ज्यांनी सह्याद्रीचे पाणी अडवून १९१५ साली खोपोलीहून गिरण्यांना वीज आणली. टाटांकडे थेट पुरवठ्याचेही जुने परवाने होते, पण घरोघरी ते सहसा जात नसत. २००३ च्या सुमारास बी.एस.ई.एस. रिलायन्सच्या हाती गेली, आणि वाद पेटला : टाटांना किरकोळ गिऱ्हाइकांना वीज विकण्याचा अधिकार आहे की नाही? आयोग, अपील न्यायाधिकरण अशा पायऱ्या चढत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ जुलै २००८ रोजी निकाल लागला : आहे.

अधिकार मिळाला, पण उपनगरांत टाटांच्या तारा होत्या कुठे? गल्लीगल्लीत रस्ते खणून दुसरे जाळे टाकायचे म्हणजे वर्षे लागणार. इकडे २००९ साली रिलायन्सच्या दरवाढीवरून उपनगरे तापली होती. अखेर १५ ऑक्टोबर २००९ रोजी राज्य वीज नियामक आयोगाने तात्पुरती व्यवस्था लावून दिली : तार रिलायन्सचीच राहील, वीज टाटांकडून घेता येईल, आणि तारेचे भाडे बिलातून जाईल. अर्ज करायचा, जुना मीटर निघायचा, नवा बसायचा. त्या दिवशीचा आकडा दोन्ही बाजूंसमोर टिपायचा.

बोरिवलीला राहणारे माझे साडू तेव्हा बदललेल्यांपैकी. वीज तीच, पंखा तोच, बिल कमी. मात्र लाइट गेली की फोन करायचा जुन्याच कंपनीला, कारण खांब-तारा तिच्या. साडूंना याची मोठी गंमत वाटे. "घटस्फोट झाला तरी सासरीच राहतोय," म्हणायचे. पुढच्या दोन-तीन वर्षांत काही लाख गिऱ्हाइके अशी बदलली. बेस्टच्या हद्दीतल्यांना मात्र दुसऱ्याच्या तारेवरून वीज घेण्याची ही सोय नव्हती, कारण कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वितरणाला त्या कलमातून वगळले आहे. माहीमच्या खाडीच्या अलीकडे निवड नाही, पलीकडे आहे.

मग खरा हिशेब बाहेर आला. आपल्याकडे विजेचा दर कमी वापरणाऱ्याला स्वस्त आणि जास्त वापरणाऱ्याला महाग असतो. मोठ्याच्या पैशातून धाकट्याचे बिल हलके होते. कंपनी बदलण्यात ज्यांचा फायदा मोठा, ते आधी गेले : वातानुकूलित घरे, दुकाने, कचेऱ्या. मागे राहिलेल्यांत झोपडपट्टी आणि चाळींचे प्रमाण वाढले, आणि त्यांचे ओझे उचलणारे खांदे कमी झाले. म्हणून २०११ पासून बदलून गेलेल्यांवरही अधिभार बसला. जुन्या कंपनीची मागची राहिलेली वसुलीही त्यांच्या बिलात आली. २०१२ मध्ये आयोगाने टाटांवर मर्यादा घातली, की या मार्गाने नवी घरे घ्यायची तर काही काळ महिन्याला ३०० युनिटांपर्यंतची लहान घरेच घ्या. त्यावर अपिले झाली. अधिभारांनी दरातला फरक खाऊन टाकला तशी कित्येकांची उलटी वाटचाल सुरू झाली. २०१८ साली रिलायन्सचा हा व्यवसाय अदानींकडे गेला. साडू परत जुन्या घरी आले. तोपर्यंत सासरचे नाव बदललेले.

या प्रयोगाला फसलेला म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. निवडीने वीज स्वस्त केली नाही हे खरे. तिने गरिबाचे बिल कोण भरतो हे उघड केले. आणि एवढ्या भांडणांत, कोर्टकचेऱ्यांत, आकड्यावरून तंटा क्वचित झाला. मीटर कंपनीचा होता, पण भिंतीवर, डोळ्यांसमोर होता.

आता स्मार्ट मीटरकडे येऊ. हा मीटर दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने वापर टिपतो आणि मोबाइलसारख्या जाळ्यातून कचेरीला कळवतो. त्याच्या पोटात एक स्विच असतो. कचेरीत बसून घराची वीज तोडता-जोडता येते. रीडिंग घ्यायला माणूस लागत नाही. ब्रिटनने सगळ्या घरांत असे मीटर २०२० अखेरपर्यंत बसवायचे ठरवले. हेतू असा, की अंदाजाचे बिल संपेल आणि पुरवठादार बदलणे सोपे होईल. झाले उलटे. पहिल्या पिढीचे मीटर ज्या कंपनीने बसवले, तिच्याच यंत्रणेशी बोलत. घरमालकाने कंपनी बदलली की मीटर मुका होई आणि पुन्हा हाताने आकडा कळवणे नशिबी येई. असे एक कोटीहून अधिक मीटर बसून गेल्यावर ते एका समाईक जाळ्यावर आणण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. मुदती पुढे पुढे गेल्या. ज्या यंत्राने दुकान बदलणे सोपे व्हायचे, त्यानेच कित्येकांना जुन्या दुकानात बसवून ठेवले.

मग २०२१ उजाडले. गॅसचे भाव भडकले आणि स्वस्त दराची आश्वासने देऊन गिऱ्हाइके गोळा केलेल्या दोन डझनांहून अधिक पुरवठादार कंपन्या बुडाल्या. घराच्या सरासरी वार्षिक खर्चाची नियामकाने ठरवलेली कमाल मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती. ऑक्टोबर २०२२ साठी ती ३,५४९ वर गेली आणि सरकारला मध्ये पडून ती २,५०० वर रोखावी लागली. निवड नावालाच उरली, कारण स्वस्त दुकानच राहिले नाही. त्या हिवाळ्यात थकबाकीदारांना प्रीपेडवर टाकण्याचा सपाटा सुरू झाला. कुठे कोर्टाचे वॉरंट घेऊन घरात शिरून प्रीपेड मीटर बसवले गेले. स्मार्ट मीटर असेल तर शिरायचीही गरज नव्हती, कचेरीतून कळ दाबली की झाले. आजारी, अपंग माणसांच्या घरीही हे होत असल्याचे वृत्तपत्रांनी उघड केले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सक्तीने मीटर बसवणे थांबवावे लागले.

प्रीपेड काही नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या कामगारांच्या घरांत पेनी टाकून गॅस घेण्याचे मीटर होते. पुढे भाड्याच्या खोल्यांतून शिलिंग टाकायचे विजेचे मीटर आले. शिलिंग संपला की अंधार. तिथल्या अभ्यासकांनी याला दिलेल्या नावाचा अर्थ असा, की माणूस स्वतःच स्वतःची वीज तोडतो. डॉक्टर म्हणून मला हे नाव झोंबते. थकबाकीपोटी वीज तोडायची तर कंपनीला नोटीस द्यावी लागते, कोणीतरी येते, कोणाला तरी कळते. शिल्लक शून्य झाली तर फक्त त्या घराला कळते. घरी ऑक्सिजनचे यंत्र असलेला दम्याचा म्हातारा, फ्रिजात इन्सुलिन ठेवणारी बाई, हे माझे रोजचे पेशंट आहेत. आपल्या २००३ च्या कायद्यात प्रीपेडचा उल्लेख आहे, पण कसा? जो गिऱ्हाईक प्रीपेड मीटर घ्यायला तयार असेल, त्याच्याकडून अनामत मागू नये. 'तयार असेल तर'. २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत मात्र नव्या जोडणीचा मीटर प्रीपेडच असावा असे आले, आणि २०२१ च्या केंद्रीय योजनेने २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांचे लक्ष्य ठेवले. सतरा वर्षांत सवलतीचा नियम झाला. नियमांच्या नावात 'हक्क' शब्द आहे, ही गंमत वेगळीच.

एका तारेवर अनेक पुरवठादार आणण्याचे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले, समितीकडे गेले, आणि लोकसभेची मुदत संपली तसे तेही संपले. म्हणजे आपल्याकडे मीटर बदलायची घाई झाली, दुकान बदलायची सोय राहून गेली. ब्रिटनने निदान क्रम उलटा ठेवला होता.

या पार्श्वभूमीवर बडोद्याचा मे महिना पाहा. घराला दोन महिन्यांनी एकदा बिल भरायची सवय. ते एकदम येई, टोचे, विसरले जाई. आता भर उन्हाळ्यात, पंखे-कूलर-एसी अखंड चालू असताना, रोज पैसे कापले जाताना मोबाइलवर दिसू लागले. दोन हजारांचे रिचार्ज आठवड्या-दोन आठवड्यांत संपले की माणूस म्हणणारच, मीटर पळतो. मीटर बहुधा पळत नव्हता. माझी स्वतःची समजूत अशी, की पुष्कळ घरांत वापर तेवढाच असावा. भीती मात्र खरी होती, कारण ती तपासून पाहायला स्टूल आणि चकती उरली नव्हती. मोबाइलवरचा आकडाही कंपनीनेच दाखवलेला. एडिसनची बरणी पुन्हा तळघरात गेली होती.

यावर सरकारने काढलेला तोडगा मला फार अर्थपूर्ण वाटला. नव्या मीटरांचे काम थांबले, आणि स्मार्ट मीटरच्या शेजारी तपासणीसाठी दुसरा, साधा मीटर बसवायचे जाहीर झाले. केंद्राच्या नियमांतही त्याच वर्षी फेब्रुवारीत अशी दुरुस्ती झालेली होती : रीडिंगबद्दल तक्रार आली की पाच दिवसांत जादा मीटर लावायचा, आणि निदान तीन महिने ताडून पाहायचे.

माझ्या एका पेशंट आजींच्या घरी असे दोन मीटर शेजारी शेजारी लागले. वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, पण रोज संध्याकाळी देवाला दिवा लावून झाला की त्या काठी टेकत जिन्यापाशी जात आणि दोन्ही आकडे कॅलेंडरच्या त्या त्या चौकोनात लिहीत. डावीकडे नव्याचा, उजवीकडे जुन्याचा. औषध घ्यायला येताना कॅलेंडरच भिंतीवरून काढून पिशवीत घालून आणत आणि मला वजाबाक्या तपासायला लावत. तीन महिन्यांत फरक एका युनिटाच्याही आतला निघाला. मग तपासणीचा मीटर काढायला वायरमन आला. आजींनी त्याला चहा दिला, कॅलेंडर दाखवले, नवा मीटर बरोबर आहे हे कबूल केले, आणि म्हणाल्या, "हा साधा इथेच राहू दे की रे बाबा. मला वाचता येतो."